पहिला तोडा शेजाऱ्याला

खड्ड्यात पावट्याच्या शेंगांची पुडकी पडली होती.

मी तण टाकायला बादली घेऊन गेले होते. आधी वाटलं, कुणाच्या तरी हातून चुकून पडलं असेल. वाकून बघितलं तर एक नाही, दोन नाही, ढीगच. केळीच्या पानात गुंडाळून वर केळीच्याच वाळक्या सोपटाच्या दोरीनं आवळलेली पुडकी, आणि एकाचीही गाठ सोडलेली नव्हती. म्हणजे आत काय आहे ते उघडून बघायचेसुद्धा कष्ट कुणी घेतले नव्हते. तसलंच पुडकं आदल्या संध्याकाळी माझ्याही हातात आलं होतं, आणि त्याची उसळ आम्ही दोघांनी भाकरीबरोबर बोटं चाटून खाल्ली होती.

माझ्या तोंडून एक शिवी गेली. ती इथं लिहीत नाही, पण आज इतक्या वर्षांनीसुद्धा तो खड्डा आठवला की तीच शिवी जिभेवर येते.

सांगलीत आमची सोसायटी, आणि सोसायटीच्या मागं मोकळा प्लॉट. पूर्वी तिथं गाजरगवत माजलेलं असायचं आणि डुकरं लोळायची. कुंदाताई उपळेकरांनी पुढाकार घेऊन तो साफ करून घेतला, वाफे पाडले आणि ज्याला हौस आहे त्याला एकेक वाफा दिला. बाईला काम करून घेण्याची हातोटी होती, नाही म्हणत नाही मी. फाटकाशी पाटी लावली होती त्यांनी, स्वतःच्या वळणदार अक्षरात: दुसऱ्याच्या वाफ्यात पाय देऊ नये. दुसऱ्याचं पाणी तोडू नये. पहिला तोडा शेजाऱ्याला.

हा शेवटचा नियम म्हणजे कुंदाताईंचा जीव की प्राण. तुमच्या वाफ्यात कुठलीही भाजी पहिल्यांदा आली की तो पहिला तोडा घरी न्यायचा नाही, बाकीच्या वाफेवाल्यांना वानवळा म्हणून वाटायचा. दुसऱ्या तोड्यापासून तुमचं तुम्ही खा. कोण पाहुणा आला की कुंदाताई त्याला पाटीपुढं उभा करून सांगायच्या, "आमच्याकडं भाजी नाही हो पिकत, शेजार पिकतो." पाहुणा मान डोलवायचा. मलाही तेव्हा बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आणि प्लॉटच्या कोपऱ्यात हा खड्डा, कंपोस्टचा. तण, पालापाचोळा, घरचा ओला कचरा त्यात टाकायचा. तो सगळ्यांचा.

खड्ड्याला लागून असलेला वाफा कुणालाच नको होता. वास, चिलटं, कोण घेईल? तो त्या दसऱ्याला शेवंताबाईला मिळाला. शेवंता वायदंडे. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तिच्या मुलानं घेतला होता, कुपवाडला कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर होता तो. तिच्या वाफ्याच्या अलीकडचा माझा. आमच्या दोघींच्या मध्ये एक वीतभर बांध.

तिचा हात फार चांगला होता असं काही नाही. मेथी इतकी दाट टाकली की एकमेकीला ढकलत पिवळी पडली. मुळे झाले ते उंदराच्या शेपटाएवढे. पण पावटा मात्र झकास आला. मावा पडू नये म्हणून ती रोज सकाळी चाळलेली राख शिंपडायची, आणि नाकाला पदर लावून माझ्याकडं बघून हसायची.

त्याच पावट्याचा पहिला तोडा तिनं घरोघरी वाटला होता, पानात बांधून. आणि तो इथं पडला होता.

कुंदाताई त्यांच्या वाफ्यात होत्या. डोक्याला टोपी, हातात मोजे, कोबीवरच्या अळ्या वेचणं चाललं होतं. मी बादली तशीच ठेवून तरातरा गेले.

"कुंदाताई, खड्ड्यात बघितलंत?"

"काय झालं? पुन्हा कुणी प्लास्टिक टाकलं का?"

"पावटा टाकलाय. पुडकीच्या पुडकी."

त्यांनी मान वर केली नाही. एक अळी चिमटीत धरून डब्यात टाकली. "हळू बोला हो. येईल ती इतक्यात."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे!"

"शेडबाळेवहिनी, तुम्ही एवढी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत, आणि शेजारी कोण राहायला आलं ते तुम्हाला कळू नये? तिचा नवरा कुठं होता नोकरीला?"

"महापालिकेत."

"महापालिकेत, हो. पण महापालिकेत कुठं? स्मशानात! आमच्या ह्यांनी बघताक्षणी ओळखलं. मामंजींना नेलं तेव्हा तोच होता, लाकडं रचायला. आणि ही बाई पोत्यानं राख आणून पावट्यावर शिंपडते. तुम्हीच सांगा, एवढी राख कुणाच्या घरी असते हो आता? गॅसवर राख होते का?"

मला हसूच फुटलं. "अहो, काय बोलताय? तिच्या जावेची चुरमुऱ्याची भट्टी आहे, तिथली राख आहे ती. मी विचारलंय तिला. पोत्याला चुरमुरे चिकटले होते, मी डोळ्यांनी बघितलेत."

"ती तसंच सांगणार."

"बरं, तुम्हाला खायचा नव्हता तर घेतला कशाला? काल 'अय्या, किती टपोऱ्या शेंगा' म्हणालात. मी तिथंच उभी होते!"

आता त्यांनी माझ्याकडं बघितलं. अगदी शांतपणे, लहान मुलाला समजवावं तसं. "मग तोंडावर नाही म्हणायचं? आपण काय असे-तसे लोक आहोत का? वानवळा आला की घ्यायचा, ही रीत आहे. आपण घेतला. खाल्लाच पाहिजे अशी काही रीत नाही."

बासुंदीची वाटी तोंडाला लावावी आणि तळाशी पाल दिसावी, तसं झालं मला.  

"मी सांगते तिला," एवढंच म्हटलं.

"सांगा की." त्या पुन्हा कोबीवर वाकल्या. "आमचं काय जाणार आहे? वाईट तिलाच वाटेल. हौसेनं वाटते बिचारी. तुम्हाला तिचं मन दुखवायचं असेल तर खुशाल सांगा."

अशी बाई! स्वतः घाण करायची आणि झाकायचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं. त्यांना ठाऊक होतं, मी सांगणार नाही. आणि मी नाहीच सांगितलं. तशीच मागं आले, खड्ड्यात उतरले, गुडघे टेकून ती पुडकी दोन्ही हातांनी एका बाजूला सारली आणि वर बादलीभर तण अन् पाला पसरला. हात धूत होते तोवर शेवंताबाई राखेचा डबा घेऊन फाटकातून आत आली.

"वैनी, भाजी कशी झाली हुती?"

"छान झाली होती."

"सगळीच म्हणत्यात छान," ती म्हणाली आणि पावट्याकडं वळली.

पुढं वांगी आली तेव्हा पुन्हा तेच. ती काटे टोचून घेत एकेक वांगं तोडून, पुसून, पानात घालून प्रत्येकाच्या हातात देत होती आणि मी माझ्या वाफ्यातून बघत होते. निकमसाहेब म्हणून एक रिटायर्ड बँक मॅनेजर होते. त्यांनी तर पुडकं दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं. "अन्नपूर्णा आहात तुम्ही, वायदंडेबाई!" दुसऱ्या दिवशी सकाळी अन्नपूर्णा खड्ड्यात पडलेली. मी पुन्हा पाला टाकला. घरी येऊन चहाचा कप तसाच बाजूला ठेवला. आमचे हे म्हणाले, "अगं, एवढं कसलं मनावर घेतेस? भाजीच आहे." मी म्हटलं, "तुम्ही गप बसा." ते गप बसले.

त्याच दिवसांत एकदा नळावर आम्ही दोघीच होतो. पाणी बारीक येत होतं, झारी भरायला वेळ लागत होता. शेवंताबाई बांधावर टेकली आणि आपणहून बोलायला लागली.

"हितं वर कोण कुणाच्या दारात येत न्हाई बघा, वैनी. वस्तीवर आमाला दार लावायचं ठावं नव्हतं. हितं दिवसभर दार लावून बसायचं. पोरगं कामावर, सून कामावर. मालक तर खिडकीपास्नं हलत न्हाईत."

"खाली का येत नाहीत हो ते? घेऊन या की संध्याकाळचं."

"न्हाई येत. घाटावर हुते न्हवं कामाला." तिनं हे सरळ सांगितलं, पाणी भरता भरता. "सगळ्यांस्नी वळखत्यात ते. हितलं घर न्हाई की ज्यातलं कोण ना कोण त्यांच्या हातनं गेलं न्हाई. म्हणत्यात, मला बघितलं की लोकांना आपलं मेलेलं माणूस आठवंल, कशाला उगंच कुणाला रडवायचं. पोरगं म्हणतंय, आई, बाबा काय करत हुते ते कुणाला सांगू नगंस. म्हणलं, का रं बाबा? चोरी केली का त्यांनी?"

मी भरलेली झारी कडेला घेतली.

"ह्यो वाफा हाय म्हणून मी हितं टिकलीया, वैनी. चार माणसं दिसत्यात, चार शब्द हुत्यात. ह्यो नसता तर कवाच पोराला म्हणली असती, मला परत वस्तीवर सोड."

त्यानंतर खड्ड्यावर पाला टाकताना मी दोनदा बघून घ्यायचे, खालचं काही दिसत तर नाही ना. तिला कळलं तर ती जाणार, हे आता मला ठाऊक होतं.

उन्हाळ्यात बोअरचं पाणी आटलं, वाफे सुकून गेले. मृगाच्या तोंडावर शेवंताबाई माहेरी जाऊन आली, कवठे महांकाळकडं, आणि येताना एक भलामोठा तांबडा भोपळा घेऊन आली. त्याचाही तिनं वानवळा केला. फोडी करून सगळ्यांना वाटल्या. पण फोडी कशा? बिया, आतली जाळी सगळं तसंच लोंबत. साल तर अशी खरबुडी की सोलता सोलता माझ्या सुरीची धार गेली.

"बियासुद्धा काढल्या नाहीत," कुंदाताई माझ्या कानाशी म्हणाल्या. हातात फोड होती, ती त्यांनी अंगापासून लांब धरली होती, मेलेला उंदीर शेपटीला धरावा तशी. आणि समोर शेवंताबाईला मोठ्यानं, "केवढा सुंदर रंग आहे हो! हलव्यासारखा!"

मलाही वाटलं, या बाईला एवढी साधी पद्धत कशी माहीत नाही? मी आपल्या बिया काढून उन्हात वाळवल्या आणि सोलून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात बघितलं तर फोडी होत्याच. पाला टाकला. त्या रात्रीच पाऊस सुरू झाला.

आणि मग खड्ड्यातून वेल उठला.

बघता बघता उठला हो! आधी चार पानं, मग एवढाली थोराड पानं, मग काय विचारता, खड्डा झाकून कुंपणावर चढला, कुंपणावरून पलीकडच्या गटारावर गेला. गणपती आले तेव्हा पानांखाली भोपळे दिसायला लागले. खरबुडे, एकेक घमेल्याएवढा. खड्डा सगळ्यांचा, म्हणून वेलही सगळ्यांचा. ज्या लोकांनी शेवंताबाईच्या वाफ्याजवळून जातानासुद्धा नाक मुरडलं ती लोकं आता सकाळ-संध्याकाळ खड्ड्याशी. निकमसाहेब भोपळ्यांवर हात फिरवायचे, टकटक वाजवून बघायचे. सगळ्यात मोठा कुणी नेऊ नये म्हणून त्यांनी तो पानांनी झाकून ठेवला होता, आणि कुंदाताईंना तो सापडला तेव्हा दोघांची अशी जुंपली की वॉचमन बघायला आला.

"मी रोज बघतोय त्याच्याकडं!"

"बघितल्यानं काय होतं? खड्डा मी खणून घेतलाय!"

शेवंताबाई आपल्या वाफ्यात गवारीला पाणी घालत होती. तिनं मान वळवली नाही. शेवटी असं ठरलं की एकेक भोपळा एकेकानं न्यायचा आणि सगळ्यात मोठ्याचे घारगे करून कुंदाताईंनी सभेला आणायचे.

सभा म्हणजे वाफ्यांची वार्षिक सभा. दर वर्षी दसऱ्याच्या आधी व्हायची. वाफे पुन्हा ज्याचे त्याला द्यायचे, कुणाचा काढायचा असेल तर काढायचा. प्लॉटवरच सतरंज्या घातल्या होत्या. नवरात्र चालू होतं, बायका नटूनथटून आल्या होत्या. शेवंताबाई कडेला बसली होती. तिच्या बाजूची सतरंजी मोकळी होती, म्हणून मी जाऊन तिथं बसले.

कुंदाताईंनी मोठा स्टीलचा डबा उघडला. गरम घारगे, खसखस लावलेले, तुपाचा वास. प्रत्येकाच्या हातात दोन-दोन. शेवंताबाईपुढं त्यांनी डबा धरला तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या. मागनं घेते."

"काय चव आहे!" निकमसाहेब तोंड भरून म्हणाले. "बाजारच्या भोपळ्याला ही गोडी नाही हं. निसर्गाची देणगी आहे ही."

"निसर्गाची आणि आपल्या सगळ्यांच्या कष्टांची," कुंदाताई म्हणाल्या. "नासाडी न करता आपण सगळं खड्ड्यात घालतो, त्याचं हे फळ."

 नासाडी न करता! पण मी घास गिळून बसून राहिले, कारण त्यांनी आता चष्मा लावला होता आणि त्या पुढचं बोलत होत्या.

"आता कोपऱ्यातल्या वाफ्याचं. गेल्या वर्षी आपण तो वायदंडेबाईंना दिला. पण सांगायला मला वाईट वाटतंय... काही तक्रारी आल्यात. म्हणजे कुणाचं नाव नाही घेत मी. आरोग्याच्या दृष्टीनं. तेव्हा या वर्षी तो वाफा आमच्या जाऊबाईंना द्यावा, असा विचार आहे. वायदंडेबाईंनी वाईट वाटून घेऊ नये."

मी उठायला लागले. शेवंताबाईनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि मला खाली बसवलं. उभी ती राहिली.

"कसली तक्रार, ताई?"

"अहो, तसं काही नाही..."

"माझ्या वाफ्यातलं खाऊन कोण आजारी पडलं का?"

"छे छे! तसं कुणी म्हटलंय का?"

"पावटा दिला हुता. निकमसाहेब, तुमाला कसा लागला?"

निकमसाहेबांच्या गालात घारगा होता. "पावटा? वा, उत्तम! लोण्यासारखा शिजला."

"आन वांगी?"

"भरली वांगी केली होती आम्ही," निकमांची बायको म्हणाली. न अडखळता! "हे तर म्हणाले, अशी वांगी खाल्ली नाहीत."

मी त्या बाईच्या तोंडाकडं बघत राहिले. एवढं मऊसूत खोटं मी एक्स्चेंजमध्येसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. शेवंताबाई एकेकाला विचारत गेली, अगदी नम्रपणे, हात जोडल्यासारखे पुढं धरून, आणि एकेक जण सांगत गेला. छान होतं. चविष्ट होतं. मुलांनी मागून खाल्लं.

"आन मृगाच्या टायमाला भोपळा दिला हुता. कुंदाताई, त्यो खाल्ला का तुमी?"

"खाल्ला की. भाजी केली होती."

"सगळा?"

"सगळा म्हणजे... हो, सगळा. थोडाच तर होता."

"बियांसकट?"

कुंदाताईंनी चष्मा काढला. 

"न्हाई, मी म्हणलं, तुमी सगळ्यांनी माझा भोपळा खाल्ला, तर मग ह्यो खड्ड्यात कुठनं उगवला?" शेवंताबाईनं वेलाकडं हात केला. "असली खरबुडी साल हिकडं बाजारात बघितली का कुणी? माझ्या माहेरचं बी हाय. आई लावायची. तुमाला दिलेल्या फोडीतलं हाय ह्ये."

कुणाचा घारगा हातात होता, कुणाचा तोंडात. चावणारे जबडे थांबले. निकमसाहेबांना गिळवेना आणि थुंकवेना, डोळे मोठे करून ते नुसते बसले होते. एक बाई एकदम म्हणाली, "अगंबाई, माझा तर नवरात्राचा उपास आहे!" आणि अर्धा उष्टा घारगा तिनं रुमालात गुंडाळला. तिचं बघून आणखी दोघींना उपास आठवला. कुंदाताईंचा चेहरा पांढरा पडला होता. तोंडावर पदर धरून त्या नळाकडं गेल्या, आणि आम्ही सगळ्यांनी त्यांना खळखळून चुळा भरताना ऐकलं. एक, दुसरी, तिसरी.

किळस म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं. आपल्याच हातानं केलेला, साजूक तुपातला, गोड घारगा ती बाई तोंडातून धुऊन काढत होती.

शेवंताबाई डब्यापाशी गेली. एक घारगा उचलला, उभ्या उभ्या सावकाश चावून खाल्ला. बोटं पदराला पुसली.

"गूळ कमी पडलाय," ती म्हणाली.

मग वाफ्याचा विषय कोण काढणार? काढायचा तर सांगावं लागणार, आम्ही घेतलं आणि टाकलं. हसून घेतलं आणि टाकलं. ते तर कुणाच्या तोंडून निघण्यातलं नव्हतं, इतकी सगळी रीतीची माणसं. निकमसाहेब कसेबसे घास गिळून म्हणाले, "वाफे जसे आहेत तसेच राहू देत." सगळ्यांनी माना हलवल्या आणि सतरंज्या झटकायला लागले.

सगळे गेल्यावर आम्ही दोघीच मागं राहिलो. मला तर तिला मिठी मारावीशी वाटत होती.

"काय बाई जिरवलीत हो शेवंताबाई! तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या पावट्यालाच. राख घेऊन येत हुते, लांबनं खड्डा दिसला."

"मग वाटत का राहिलात?"

"बघत हुते. किती दिस हसून घेत्यात ते." ती सतरंजीची घडी घालत होती. "भोपळ्याच्या टायमाला म्हणलं, टाकणारच हायती तर बियांसकट देऊ. रुजंल तरी."

मी हसले. ती हसली नाही.

"तुमी बी हुता की तितं, वैनी. खड्ड्यात बसून पुडकी सारत हुता. वर पाला टाकत हुता."

 "अहो, ते तुम्हाला दिसू नये म्हणून! तुम्हाला वाईट वाटेल म्हणून! माझं पुडकं नव्हतं त्यात. मी खाल्ला पावटा. उसळ केली होती. खरंच छान झाली होती!"

"आसंल की," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. पण ते 'आसंल की' ऐकलं आणि मला कळलं की मी जे बोलले ते अक्षरन् अक्षर निकमांच्या बायकोनं तासाभरापूर्वी बोलून ठेवलं होतं. छान झाली होती. आता मी कुठल्या तोंडानं वेगळं सांगू? असा संताप आला त्या सगळ्यांचा! माझं खरंसुद्धा त्यांनी नासवून ठेवलं होतं.

दसरा झाला, दिवाळी झाली. शेवंताबाई वाफ्यात यायची, मान हलवायची, आपलं काम करून जायची. वानवळा बंद. पाटीवरची ती ओळ तशीच होती, पण आता कुणीच कुणाला काही देत नव्हतं. मी बांधाशी रेंगाळायचे, पाणी कसं आहे, थंडी किती आहे, असलं काहीबाही बोलायचे. ती उत्तर द्यायची. तेवढंच.

मग एका सकाळी तिच्या काकडीच्या वेलाला पहिली काकडी लागलेली दिसली. मी माझं माझं खुरपत होते. ती आली, तिनं ती तोडली, पदरानं पुसली आणि बांधावर येऊन माझ्यापुढं धरली.

"घ्या, वैनी. पहिली हाय."

मला एवढा आनंद झाला! हात धुतले, काकडी घेतली आणि पिशवीत ठेवायला वळले.

"पिशवीत नगं," ती म्हणाली. "हितं खावा."

मी तिच्याकडं बघितलं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती, माझ्या तोंडाकडं बघत. मी काकडी मोडली आणि मोठा घास घेतला.

कडू जहर! जीभ आखडली, डोळ्यांत पाणी आलं. देठापासून शेंड्यापर्यंत नुसता कडूपणा. एक क्षण वाटलं, गिळावी. हसावं आणि म्हणावं, छान आहे. वर्षभर त्या प्लॉटवर सगळे तेच करत आले होते, आणि आता ही बाई माझ्यापुढं उभी राहून तेवढंच बघत होती.

"थू!" मी सगळा घास बांधावर थुंकले. "शी, शी, काय कडू आहे हो! विषासारखी! एवढी घाण काकडी मी जन्मात खाल्ली नाही, शेवंताबाई!"

ती तशीच उभी होती. मग तिनं माझ्या हातातला तुकडा घेतला, स्वतः चावला, आणि तीही थुंकली. आणि हसायला लागली. एवढी हसली की खाली बसली, पदर तोंडात कोंबला, तरी थांबेना.

"कडू हाय व्हय," ती डोळे पुसत म्हणाली. "लईच कडू हाय की वो."

वर खिडकीशी तिचे मालक उभे राहिले होते, एवढं काय झालं ते बघायला. उरलेली काकडी तिनं स्वतःच्या हातानं खड्ड्यात भिरकावली आणि मला म्हणाली, "थांबा, दुसरी बघते," आणि वेलात वाकली.